मी रूट आहे, तरी सर्व्हर म्हणतो ‘नोबडी’ : एनएफएसचा घोळ

बीमवाला | सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मोबाइलवरून लिहितोय आणि कीबोर्ड मराठीच आहे, त्यामुळे कमांडाही देवनागरीत येतील. सांभाळून घ्या.

सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात नोकरीला आहे. माझं खातं ‘कॉम्प्युटर’, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मी आणि जीएसटीचं पोर्टल उघडेना तरी मीच. डिझाइन खात्यात चार मशिनी, चारही लिनक्सवर. जॅकार्डची (लूमवर विणायच्या नक्षीची) डिझाइनं तिथं काढतात आणि फाइली ऑफिसातल्या डेबियन (हेही लिनक्सच) सर्व्हरवर साठतात. सर्व्हरवरचा /डिझाइन हा फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटून घ्यायची सोय) चारही मशिनींवर माउंट केलाय, म्हणजे तिथं तो स्वतःच्याच डिस्कवरचा असल्यासारखा दिसतो. ही मांडणी माझ्या आधीच्या माणसाने करून ठेवली. तो आता फोन उचलत नाही.

गेल्या आठवड्यात शेठनी एक जुनं मशीन दिलं, म्हणाले याच्यावर बॅकअप घे. मी तिथंही /डिझाइन माउंट केला आणि रूट (लिनक्सचा सर्वाधिकारी यूजर) होऊन आरसिंक (फाइली कॉपी करायची कमांड) लावलं. निम्म्या फोल्डरांवर ‘परमिशन डिनाइड’, शेवटी कोड २३, म्हणजे कॉपी अर्धवट. मी रूट आहे हो! रूटला कसली परमिशन?

पुढचं जास्त वाईट आहे. कपाटात एक जुनी हार्ड डिस्क सापडली, तिच्यात २०१६ पर्यंतची तीनशेच्या आसपास डिझाइनं होती. ती मी याच मशीनवरून, रूट म्हणूनच, सर्व्हरवरच्या ‘सामाईक’ फोल्डरमध्ये टाकली. आता त्या सगळ्या फाइलींचा मालक ‘नोबडी’ दिसतोय. डिझाइनरांना त्या उघडतात, पण सेव्ह होत नाहीत. चाऊन (मालक बदलायची कमांड) केलं तर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. सकाळपासून चौघंही माझ्या टेबलाभोवती उभे आहेत. डिस्क खराब झाली का? का सर्व्हरच गेला?

---

पंखा_चालू | सोमवार, रात्री १०:३१

मालक असून नोबडी? आमच्या घरात माझी हीच पोझिशन हाय बे. सर्व्हरला दोष देऊ नको.

---

शेंगाचटणी | सोमवार, रात्री ११:०५

बीमवाला, डिस्क ठीक आहे आणि सर्व्हरही शहाणा आहे. तुम्हाला अडवतंय ते ‘रूट स्क्वॅश’.

लिनक्सला फाइलीच्या मालकाचं नाव ठाऊक नसतं, आकडा ठाऊक असतो. रूटचा आकडा ०, तुमच्या डिझाइनरांचे १००१, १००२ वगैरे असतील. स्वतःच्या डिस्कवर मशीन हा आकडा स्वतः ठरवतं, कारण पासवर्ड तिथंच तपासलेला असतो. एनएफएसमध्ये तसं नाही. साध्या पद्धतीत (तिचं नाव ऑथ-सिस) पलीकडचं मशीन दर मागणीबरोबर स्वतःच सांगतं, ‘मी १००३, माझा ग्रुप अमुक’. पासवर्ड नाही, सही नाही, शिक्का नाही. सर्व्हर म्हणतो, ‘बरं.’

आता पलीकडचा ‘मी ०’ म्हणाला तर? तेही खरं मानलं, तर नेटवर्कला लॅपटॉप जोडणारा कोणीही तुमच्या सगळ्या डिझाइनांचा मालक. म्हणून सर्व्हर तेवढ्या एका आकड्यावर विश्वास ठेवत नाही. ० आला की त्याचा ६५५३४ करतो, म्हणजेच ‘नोबडी’. लिनक्सवर हे आपोआप चालू असतं, एक्सपोर्ट्स फाइलीत (कोणता फोल्डर कोणाला द्यायचा त्या सर्व्हरवरच्या यादीत) लिहावंही लागत नाही. त्यामुळे तुमच्या आधीच्या माणसाने काही केलं असेल असंही नाही.

आता तुमची लक्षणं बघा. ज्या डिझाइनरांनी आपला फोल्डर ७०० (फक्त मालकाला उघडेल असा) करून ठेवलाय तिथं नोबडी हा परका, म्हणून ‘परमिशन डिनाइड’. ‘सामाईक’ फोल्डर ७७७ (सगळ्यांना लिहिता येईल असा) असणार, म्हणून तिथं नोबडीला लिहिता आलं, पण लिहिलेलं त्याच्याच नावावर चढलं. आणि चाऊन फक्त रूटला करता येतं. सर्व्हरच्या लेखी तुम्ही रूट नाहीच, म्हणून ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’.

एका कारखान्याचा जॉबर शेजारच्या कारखान्याच्या गेटवर गेला, तर वॉचमन वहीत ‘बाहेरचा इसम’ एवढंच लिहिणार. आपल्या शेडमध्ये तो कितीही मोठा असो.

---

पंखा_चालू | सोमवार, रात्री ११:११

आणि शेजारच्या शेठचा जावई असला तर?

---

शेंगाचटणी | सोमवार, रात्री ११:१४

तर त्याला ‘नो रूट स्क्वॅश’ म्हणतात. आणि तो तिजोरीपर्यंत जातो.

---

सातरस्ता | सोमवार, रात्री ११:४०

ताईंनी छान समजावलं, पण माणसाच्या टेबलाभोवती चार जण उभे आहेत, त्याचं बघा आधी. सर्व्हरवर एक्सपोर्ट्स फाइलीत बॅकअप मशीनची ओळ अशी करा:

/डिझाइन १९२.१६८.१.२५ (आरडब्ल्यू,सिंक,नो_रूट_स्क्वॅश)

मग ‘एक्सपोर्टएफएस -आरए’, म्हणजे नवी ओळ लागू होईल. आरडब्ल्यू म्हणजे वाचा-लिहा, नो_रूट_स्क्वॅश म्हणजे रूटला रूटच मानायचं. चाऊनही होईल, बॅकअपही होईल. आमच्याकडे होटगी रोडच्या गोदामात कित्येक वर्षं असंच चालू आहे, काही आभाळ कोसळलेलं नाही.

---

बीमवाला | मंगळवार, दुपारी १:५०

सातरस्ता भाऊ, रात्रीच तुमची ओळ जशीच्या तशी टाकली. सुधारायचं सोडून वाढलं! आता त्या मशीनवरून चाऊन केलं की ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ म्हणतंय. एक टच (रिकामी फाइल बनवायची कमांड) सुद्धा होईना. काल निदान सामाईकमध्ये लिहिता तरी येत होतं. आणि ७०० वाले फोल्डर अजून बंदच.

एक्सपोर्टएफएस चालवताना सर्व्हर काहीतरी बडबडला होता, ‘नो ऑप्शन्स फॉर’ आणि पुढं काहीतरी ‘सजेस्ट’. नुसती वॉर्निंग होती म्हणून सोडून दिली.

इथं पारा ४३ वर आहे, त्यात लाइट दोनदा गेली. डोकं चालेना.

---

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी २:०४

थांबा. आयपी आणि कंस यांच्यामध्ये जागा सोडलीय का?

---

बीमवाला | मंगळवार, दुपारी २:०६

हो. वर भाऊंनी लिहिलंय तशीच.

---

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी २:१५

आधी ती जागा काढून पुन्हा ‘एक्सपोर्टएफएस -आरए’ करा, मग पुढचं वाचा.

एक्सपोर्ट्स फाइलीत जागा म्हणजे ‘इथं एक पाहुणा संपला, दुसरा सुरू’. कंस आयपीला चिकटून असेल तर ती सवलत त्या आयपीची. मध्ये जागा आली की त्या ओळीचे दोन भाग होतात. पहिला, १९२.१६८.१.२५, सवलत काहीच नाही, म्हणून न सांगता आपोआप असतं ते (डिफॉल्ट) सगळं लागू: फक्त वाचन, आणि रूट स्क्वॅश चालू. दुसरा, नाव नसलेला पाहुणा, म्हणजे जगातला कोणीही, त्याला लिहिण्याची मुभा आणि रूटला रूटचाच मान.

एकाच फोल्डरसाठी एखादं मशीन दोन ठिकाणी बसत असेल तर सर्व्हर नेमका आयपी आधी धरतो. म्हणजे ज्या एका मशीनला तुम्ही मोकळीक द्यायला गेलात त्याचेच हात बांधले गेले, आणि बाकी सगळ्या जगाला किल्ली मिळाली. तुमच्या चार डिझाइन मशिनींच्या ओळी वेगळ्या आहेत म्हणून त्यांना फरक जाणवला नाही. ती वॉर्निंग हेच सांगत होती.

‘एक्सपोर्टएफएस -व्ही’ केलं की खरंखुरं काय लागू आहे ते दिसतं. फाइल वाचून भरवसा ठेवू नका, हे वाचून ठेवा.

---

बीमवाला | मंगळवार, दुपारी २:३२

काढली जागा. काढायच्या आधी -व्ही करून बघितलं. खरंच ‘वर्ल्ड’ लिहिलं होतं, पुढं आरडब्ल्यू, नो_रूट_स्क्वॅश. पोटात गोळा आला.

आमचं वायफाय याच रेंजमध्ये आहे. त्याचा पासवर्ड ट्रान्सपोर्टच्या ड्रायव्हरपासून चहावाल्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक. काल रात्री बारापासून आज अडीचपर्यंत उघडं होतं.

---

सातरस्ता | मंगळवार, दुपारी ३:१०

जागेची चूक सर्वस्वी माझी. माझ्या गोदामात आत्ता बघून आलो, तिथं कंस चिकटूनच आहे. इथं टाइप करताना हात सवयीने स्पेसवर गेला. बीमवाला, माफी असावी.

पण मुद्दा सोडत नाही. जागा काढल्यावर, एकाच आयपीला, घरच्या नेटवर्कवर नो_रूट_स्क्वॅश दिलं तर बिघडतं कुठं? चोर काय एनएफएस माउंट करायला कारखान्यात येणार आहे?

---

जुनाखांब | मंगळवार, संध्याकाळी ७:२५

बराच वेळ वाचत होतो, आता राहवेना. ३० वर्षं या गोष्टीत घालवलीत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये काढलं. सनची वर्कस्टेशनं महागडी, त्यातल्या काहींत डिस्कच नसायची. सुरू झाल्यावर अख्खी फाइल सिस्टिम, रूटच्या फाइलींसकट, नेटवर्कवरून यायची. अशा मशीनच्या रूटला सर्व्हरने नोबडी म्हटलं तर ते मशीन जागं तरी कसं होणार? नो_रूट_स्क्वॅशची गरज मुख्यतः या डिस्क नसलेल्या मशिनींसाठी आहे. लिनक्सच्या मॅन पानातही (माहितीच्या पानातही) असंच लिहिलंय. बॅकअपची सोय म्हणून ते कोणी घडवलेलं नाही.

आणि तो ६५५३४ कुठून आला म्हणाल तर नोबडीचा आकडा पूर्वी उणे २ होता. १६ बिटांत उणे २ लिहिलं की ६५५३६ वजा २. बस्स. आमच्या एका पोराला मुलाखतीत हे विचारलं होतं, त्याला आलं नाही. मला विचारलं असतं तर मलाही तेव्हा आलं नसतं.

आता सातरस्तांचा प्रश्न. समजा .२५ ला (बॅकअप मशीनला) नो_रूट_स्क्वॅश दिलंय. त्या मशीनवर कोणी रूट झाला, तर तो /डिझाइनमध्ये एक छोटा प्रोग्राम ठेवेल, त्याचा मालक रूट करेल आणि सेटयूआयडी बिट (चालवणारा कोणीही असो, प्रोग्राम मालकाच्या अधिकाराने चालतो अशी खूण) लावेल. स्क्वॅश नाही, म्हणून सर्व्हरच्या डिस्कवरही ती फाइल खरोखर रूटचीच होते. मग सर्व्हरवर साधं लॉगिन असलेला कोणीही ती चालवून रूट होतो. डिझाइनरांच्या मशिनींवर माउंट करताना ‘नोएसयूआयडी’ (ही खूण मानू नको) दिलेलं नसेल तर तिथंही तेच. एका जुन्या मशीनचा पासवर्ड गेला की पाच मशिनी गेल्या. म्हणून नोएसयूआयडी आणि नोडेव्ह (डिव्हाइस फाइली मानू नको) सगळीकडे लावा. सर्व्हरवर /डिझाइनचं पार्टिशन वेगळं असेल तर तिथंही.

वेगळं पार्टिशन आणखी एका कारणासाठी हवं. मोठ्या फाइल सिस्टिममधला एखादाच फोल्डर एक्सपोर्ट केला तर लबाड क्लायंट (माउंट करणारं मशीन) फाइलींचे हँडल (सर्व्हर ज्यांवरून फाइल ओळखतो ते आकडे) अंदाजाने बनवून त्या फोल्डरच्या बाहेर, पण त्याच फाइल सिस्टिममधल्या फाइलींपर्यंत पोचू शकतो. याला सबट्री-चेक नावाचा उपाय आहे, पण त्याचे स्वतःचे त्रास इतके की तो बंदच ठेवायची पद्धत पडली. पार्टिशनच वेगळं करावं, झोप लागते.

आणि ‘एकाच आयपीला’ म्हणता. आयपी म्हणजे ओळखपत्र नव्हे. रात्री .२५ बंद असेल तेव्हा कोणीही आपल्या लॅपटॉपला .२५ म्हणवून घेईल. सर्व्हर पुन्हा ‘बरं’ म्हणेल.

---

विजापूर_वेस | मंगळवार, रात्री ८:०२

म्हणजे रूट स्क्वॅश चालू ठेवलं की सगळं सुरक्षित. विषय संपला.

---

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री ८:४०

नाही ना! हाच गैरसमज सगळ्यात जास्त महाग पडतो.

स्क्वॅश फक्त ० ला अडवतो. डिझाइन मशीनवर जो रूट आहे तो ‘सू’ (यूजर बदलायची कमांड) करून १००३ होऊ शकतो. मग सर्व्हरला ‘मी १००३’ असंच कळतं आणि तो ७०० वाला फोल्डर उघडतो. खोटं बोललंय हे सर्व्हरला कळायला जागाच नाही. बीमवाला, आत्ता करून बघा: बॅकअप मशीनवर रूट होऊन एखाद्या डिझाइनरच्या आकड्याचा यूजर बनवा आणि त्याच्या नावाने तो फोल्डर वाचा. वाचता येईल.

म्हणजे स्क्वॅश सर्व्हरच्या रूटच्या फाइली वाचवतो, आणि सेटयूआयडीचा तो खेळ बंद करतो. एका डिझाइनरची फाइल दुसऱ्या मशीनच्या रूटपासून वाचवत नाही. ज्याच्या हातात क्लायंटचा रूट पासवर्ड, त्याच्या हातात त्या शेअरवरचे सगळे साधे यूजर. तुमच्या डिझाइन मशिनींवर रूट पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?

---

बीमवाला | मंगळवार, रात्री ९:१५

ताई, तुमचं खरं निघालं. बॅकअप मशीनवर १००३ चा यूजर बनवला, ‘सू’ केलं, आणि ज्याच्यापुढं मी रूट म्हणून दोन दिवस डोकं आपटत होतो तो फोल्डर सरळ उघडला.

रूट पासवर्ड चौघांनाही माहीत आहे. चारही मशिनींवर एकच आहे. आणि तो काय असेल ते सोलापुरातला कोणीही पहिल्या तीन प्रयत्नांत सांगेल, ग्रामदैवताचं नाव आणि पुढं १२३.

यातली गंमत अशी की ७०० हे चौघांनी मुद्दाम केलंय, एकमेकांपासून डिझाइन लपवायला. ज्याचं डिझाइन एक्स्पोर्टच्या ऑर्डरीला लागतं त्याला दिवाळीला जास्त मिळतं. दोन वर्षं लपवलं आणि एकाही कुलपाला अर्थ नव्हता. हे त्यांना सांगायचं का नाही, ठरत नाहीये.

---

पंखा_चालू | मंगळवार, रात्री ९:१८

सांगू नको बे! दिवाळीपर्यंत तरी!

---

विजापूर_वेस | मंगळवार, रात्री ९:५०

मग खरा इलाज कर्बेरॉस, म्हणजे यूजरची ओळख तपासून तिकीट देणारी वेगळी व्यवस्था. एनएफएसला सेक=क्रब५ लावा. मशीन ‘मी १००३’ म्हणालं तरी तिकीट दाखवावं लागतं. क्रब५आय घेतलं तर वाटेत कोणी फेरफार केला तर कळतं, क्रब५पी घेतलं तर मजकूरही झाकला जातो.

---

जुनाखांब | मंगळवार, रात्री १०:२०

बरोबर आहे, आणि मोठ्या ठिकाणी मी तेच लावीन. पण पाच मशिनींच्या कारखान्यात, एका माणसाच्या भरवशावर? कर्बेरॉसला सगळ्या मशिनींची घड्याळं जुळलेली लागतात, ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. बीमवाला, त्या जुन्या मशीनची बायोसची बॅटरी जिवंत आहे का?

---

बीमवाला | मंगळवार, रात्री १०:२४

लाइट गेली की ते मशीन २००९ मध्ये जातं.

---

जुनाखांब | मंगळवार, रात्री १०:२६

मग सध्या कर्बेरॉस राहू द्या. आधी बॅटरी बदला, नवी पेठेत कुठंही मिळेल.

---

होस्टेलची_खाट | मंगळवार, रात्री ११:३५

मध्येच घुसतोय. मी केगावला विद्यापीठात शिकतो. प्रोजेक्टसाठी डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) पोस्टग्रेस हा डेटाबेस चालवलाय आणि डेटा एनएफएसवर ठेवलाय. कंटेनर सुरू होताच चाऊनवर मरतो. सगळे सांगतात नो_रूट_स्क्वॅश टाक. हाच प्रकार ना?

---

शेंगाचटणी | बुधवार, सकाळी ७:५०

हाच. (हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसलेय, रेंज आहे तोवर सांगते.)

कंटेनर रूट म्हणून उठतो, डेटाच्या फोल्डरचा मालक बदलायला बघतो आणि मग पोस्टग्रेस यूजर होतो. बदलायला गेला की सर्व्हर म्हणतो तू नोबडी. तुम्ही त्याला रूट होऊच देऊ नका. सर्व्हरवर जाऊन तो फोल्डर आधीच ९९९ च्या नावावर करा, डेबियनवरच्या अधिकृत पोस्टग्रेस इमेजमध्ये (ज्या साच्यातून कंटेनर बनतो त्यात) यूजरचा आकडा ९९९ असतो. आणि कंटेनरला ‘यूजर ९९९’ म्हणूनच चालवा. चाऊनचा प्रश्नच उरत नाही.

डेटाबेस एनएफएसवर ठेवायचाच असेल तर माउंट ‘हार्ड’ (सर्व्हर गप्प झाला तरी वाट बघत राहणारा) आणि एक्सपोर्ट ‘सिंक’ (डिस्कवर लिहून झाल्यावरच ‘झालं’ म्हणणारा) असू दे. सिंक काढून वेग वाढवायचा मोह होतो. लाइट गेल्यावर तो मोह कळतो.

---

विजापूर_वेस | बुधवार, सकाळी ९:१०

माझीही एक शंका. आमच्याकडे स्क्वॅशचा काही संबंध नाही, साधे यूजर आहेत, तरी एनएफएसच्या आवृत्ती ४ वर सगळ्या फाइली नोबडीच्या दिसतात. याचं काय?

---

जुनाखांब | बुधवार, सकाळी ९:४०

तो नोबडी वेगळा. आवृत्ती ४ मध्ये मालकाची ओळख ‘नाव@डोमेन’ अशी पाठवता येते, आणि दोन्हीकडच्या आयडीमॅप (नाव आणि आकडा जुळवणाऱ्या) फाइलीत डोमेन वेगळं असलं की नाव जुळत नाही. न जुळलेलं सगळं नोबडी दिसतं. ओळखायची सोपी खूण अशी: सर्व्हरवर जाऊन, तिथल्या डिस्कवरच एलएस (फाइलींची यादी) करा. तिथं मालक बरोबर दिसला तर फक्त नावांचा घोळ आहे, फाइली शाबूत. तिथंही नोबडी असेल तर स्क्वॅशने खरंच मालक बदलून लिहिलाय, बीमवाल्यासारखा.

लोक या दोन नोबडींची गल्लत करतात आणि नावाच्या घोळावर नो_रूट_स्क्वॅश लावून बसतात. त्याने घोळ तसाच राहतो, दार तेवढं उघडं पडतं.

---

सातरस्ता | बुधवार, सकाळी १०:३०

बरं, मी अर्धा हरलो. पण मग बीमवाल्याने बॅकअप घ्यायचा कसा? ते अजून कोणी सांगितलं नाही. टीका सगळे करतात.

निदान एक तोडगा माझाही ऐका. .२५ ला फक्त वाचायला द्यायचं, म्हणजे आरओ आणि नो_रूट_स्क्वॅश, कंस चिकटवून! लिहिताच येणार नाही तर सेटयूआयडी कुठून ठेवणार?

---

शेंगाचटणी | बुधवार, दुपारी १२:१५

सातरस्ता, हे तुमच्या पहिल्या ओळीपेक्षा पुष्कळ बरं आहे. अगदी एनएफएसवरूनच बॅकअप घ्यायचा असेल तर मी हेच करीन. आयपी चोरून वाचणारा राहतो, पण निदान नासधूस नाही.

पण बॅकअपला एनएफएस लागतंच कशाला? सर्व्हरचा रूट सर्व्हरवर खरोखर रूट आहे. बॅकअप मशीनवरून एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) सर्व्हरवर जा आणि आरसिंक तिकडून ओढून आणा. वाचणारा सर्व्हरचाच रूट असल्यामुळे ७०० असो की ६००, सगळं वाचलं जाईल. त्यासाठी एसएसएचची वेगळी किल्ली (पासवर्डऐवजी चालणारी फाइल) बनवा आणि सर्व्हरवर त्या किल्लीला ‘आरआरसिंक -आरओ’ एवढंच बांधून टाका, म्हणजे त्या किल्लीने तेवढा फोल्डर वाचता येईल, शेल (कमांड चालवायची जागा) मिळणार नाही. आरसिंकला ‘न्यूमेरिक-आयडीज’ सांगा, नाहीतर ते आकड्याऐवजी नावं जुळवतं, आणि १००३ च्या फाइलींवर बॅकअपमध्ये भलताच आकडा चढू शकतो.

सर्व्हरने बॅकअपवर ढकलायचं नाही, बॅकअपने ओढायचं. उद्या सर्व्हर कोणाच्या हातात गेला तर त्याच्याकडे बॅकअपची किल्ली नको.

नोबडीच्या त्या तीनशे फाइलींचं चाऊनही सर्व्हरवर बसूनच करा, माउंटवरून नाही. आणि ते करताना, एकदा पूर्ण /डिझाइनमध्ये सेटयूआयडीच्या फाइली शोधा: फाइंड, -पर्म, -४०००. परवा रात्रीपासूनचा तो उघडा काळ आहे ना.

---

बीमवाला | गुरुवार, रात्री ११:००

अहवाल.

फाइंड चालवलं, सेटयूआयडीची एकही फाइल नाही. त्या काळात रूटच्या नावावर चढलेलीही काही नाही. वायफायवर त्या रात्री फक्त वॉचमनचा मोबाइल होता असं राउटर म्हणतो, आणि वॉचमन मोबाइलवर कुस्त्या बघतो.

.२५ ची ओळ एक्सपोर्ट्समधून पूर्ण काढली. डिझाइन मशिनींवर नोएसयूआयडी, नोडेव्ह लावलं. रूट पासवर्ड चारही ठिकाणी वेगवेगळे केले आणि माझ्याकडेच ठेवले. एक जण रुसलाय, त्याला प्रिंटर स्वतः बसवता येत नाही आता. /डिझाइनचं वेगळं पार्टिशन करायला रविवारी लूम बंद असताना बसणार आहे. वायफाय वेगळ्या रेंजमध्ये टाकायचंय, त्यासाठी शेठकडे दुसरा राउटर मागितला. ते ‘बघू’ म्हणाले.

आरआरसिंकने पहिल्या झटक्यात चालायचं नाकारलं, कारण किल्लीच्या ओळीत मी पुन्हा एक जागा जास्त सोडली होती. दुसऱ्यांदा चाललं. काल रात्री १ वाजता सुरू झालं, ३:४० ला संपलं, कोड ०. बॅटरीही बदलली, घड्याळ चालू वर्षात आलं. जुनाखांब काका, आभार.

ताई, तुम्हाला आणि सातरस्ता भाऊंना शेंगाचटणी पाठवतो म्हणालो असतो, पण ताईंच्या नावातच आहे.

---

सातरस्ता | गुरुवार, रात्री ११:०८

माझ्या नावात नाही. पाठवा. गोदामातली ओळ मीही आज आरओ केली.

---

शेंगाचटणी | गुरुवार, रात्री ११:२०

पुण्यात मिळते ती खरी नसते. मलाही पाठवा. त्या तीनशे फाइलींचं काय झालं?

---

बीमवाला | शुक्रवार, दुपारी १२:४०

तेच सांगायचं राहिलं. चाऊन करायला पाच मिनिटं लागली, पण कोणाच्या नावावर करायचं हे ठरवायला दोन दिवस. जुन्या डिस्कवर मालक होते, पण ती डिस्क विंडोजच्या मशीनमधून निघालेली, तिथले आकडे इथं निरुपयोगी. शेवटी चौघांना बसवून एकेक डिझाइन पडद्यावर दाखवलं. गुलाब याचा, कमळ त्याचं, पट्ट्यांची सगळी तिसऱ्याची. चौथा २०१८ ला लागला, त्याचं काहीच नव्हतं, तो नुसता चहा पीत होता.

एका मोरावरून मात्र भांडण लागलं. दोघं म्हणतात माझा. एक म्हणतो गड्ड्याच्या यात्रेतून आल्यावर रात्री बसून काढला, दुसरा म्हणतो पिसाऱ्याची रीत माझी आहे, बघा. दोघं तेलुगूत सुरू झाले, मग मला कळणं बंद झालं. शेठ आले, बघितलं, म्हणाले राहू दे तसाच.

तो मोर अजून नोबडीच्या नावावर आहे.